ओलेड आला आणि दार लागलं

काळा रंग बघायला आम्ही नवा टीव्ही घेतला. हसू नका, खरंच सांगतेय. दुकानातला तो टाय लावलेला माणूस आमच्या ह्यांना अर्धा तास नुसता काळा रंग दाखवत होता. "सर, ह्याचा ब्लॅक बघा. ट्रू ब्लॅक. बाकीच्या टीव्हीत काळा म्हणजे ग्रे असतो सर, ग्रे." आणि आमचे हे, छत्तीस वर्षं विमा कंपनीत फायली उपसलेला माणूस, तोंडाचा आ करून त्या काळ्याकडे बघत उभे. मी म्हटलं, अहो, बंद टीव्हीसुद्धा काळाच दिसतो, आपल्या घरी आहे की एक. त्यावर त्या टायवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मोठ्या हॉटेलात जाऊन फोडणीचा भात मागितला होता. ह्यांनी तर मला ओळखच दाखवली नाही.

हे खूळ आलं चौपाटीवरून. सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींचा तिथे एक कंपू आहे. फिरतात थोडं, बसतात जास्त. आधी गुडघे, मग मुलांचे पगार, मग सोसायटीची भांडणं, आणि हे सगळं संपलं की कुणी काय नवीन घेतलं. त्यातल्या एकाने ओलेड नावाचा नव्या तऱ्हेचा टीव्ही घेतला. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरच्या टीव्हीला ह्यांनी "हा डबा" म्हणायला सुरुवात केली. बारा वर्षं ज्याच्यासमोर जेवले, झोपले, निवडणुका जिंकल्या-हरल्या, तो एका सकाळीत डबा झाला!

तसा तो काही फार देखणा नव्हता, मान्य. जाडजूड, उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. पण त्या रेघेची आम्हाला इतकी सवय झाली होती की क्रिकेटमध्ये बॉल तिच्यामागे गेला की हे मान वाकडी करून रेघेच्या पलीकडे बघायला जायचे. त्याची काच चकचकीत नव्हती, जरा धुरकट होती. दार उघडं ठेवा, खिडकी उघडी ठेवा, गॅलरीतून कितीही उजेड येऊ दे, तो बापडा दिसायचा. आमच्या चाळीत ह्या एका गुणापुढे बाकी सगळे गुण फिके, हे त्या टायवाल्याला कुठून कळणार? त्याच्या दुकानात खिडकीच नव्हती.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ह्या सगळ्या प्रकरणात खरं नुकसान झालं ते त्यांचं, आणि त्यांनाच कुणी विचारलं नव्हतं.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या भिंतीला भिंत लागून काकू राहतात. माझ्या सासूबाईंच्या मैत्रीण. आता ब्याऐंशीच्या तरी असतील. नवरा तिशीत गेला, मूलबाळ नाही, मुलींच्या शाळेच्या ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झाल्या. आमचे हे त्यांच्या अंगाखांद्यावर वाढले, त्यामुळे ह्या वयातही त्यांना "काकू, तू" म्हणतात आणि त्या ह्यांना "अरे गाढवा" म्हणतात. काकूंच्या खोलीत टीव्ही नाही. डोंबिवलीचा पुतण्या दर दिवाळीला विचारतो, "घेऊ का गं एक छोटासा?" काकूंचं उत्तर ठरलेलं. "माझा आहे ना. शेजारी ठेवलाय."

आणि खरंच, आमचा टीव्ही त्यांचाच होता. दुपारी चारला एक मालिका, संध्याकाळी सात ते साडेआठ तीन मालिका, रविवारी जुना सिनेमा. त्यांचा स्वतःचा पाट होता, शिसवी, चार बुटक्या पायांचा. लग्नात आलेला. तो कायम आमच्या दाराच्या फळीमागे उभा. काकू यायच्या, दाराआडून स्वतःच पाट ओढायच्या आणि उंबऱ्याच्या आत, अगदी काठाला बसायच्या. सोफ्यावर बसा म्हटलं तर नाही. कारण तिथून एक डोळा टीव्हीवर आणि एक डोळा जिन्यावर ठेवता यायचा. कुरिअरवाला, इस्त्रीवाला, मीटर बघायला येणारा, सगळ्यांची चौकशी त्या पाटावरून. मालिकेतली सासू रडायला लागली की काकू गॅलरीतून जाणाऱ्याला सांगायच्या, "बघ, परत रडतेय. हिला दुसरं काम नाही." आणि तो जाणारा दोन मिनिटं उभा राहून बघायचा. चाळीत टीव्ही बघणं म्हणजे हे.

आमच्याकडे दिवसा कुणाचं दार बंद नसतं. पडदा असतो, फार तर अर्धं दार. पूर्ण दार दिवसा लागलेलं दिसलं, तर एक तर घरचे गावाला गेले, नाही तर कुणी आजारी आहे, नाही तर कुणाशी तरी बिनसलंय. चौथं कारण चाळीत नाही. आणि शेजारच्याकडे जाताना कुणी कडी वाजवत नाही. "आहेस का गं?" असं म्हणत पडदा सारून आत. कडी वाजवतात ते परके, वर्गणीवाले आणि मतं मागणारे.

अजून एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी सासऱ्यांनी रंगीत टीव्ही आणला होता. मजल्यावरचा पहिला. सगळ्या बायका जमल्या. टीव्हीची पूजा करायची, हळदीकुंकू लावायचं. ताम्हण फिरत होतं आणि काकू मागे, भिंतीला टेकून उभ्या. तेव्हा त्या चाळिशीतल्या, नवरा जाऊन दहाएक वर्षं झालेली. मजल्यावरच्या कुठल्याही शुभकार्यात त्या अशाच मागे उभ्या असायच्या, आणि ते सगळ्यांना रीतसरच वाटायचं. माझ्या सासूबाई म्हणजे तापट बाई. त्यांनी ताम्हण उचललं, सगळ्यांना ओलांडून गेल्या आणि काकूंच्या हातात दिलं. म्हणाल्या, "टीव्हीला काय कळतंय गं विधवा न् सवाष्ण? लाव तू." दोन बायका तोंड वाकडं करून निघून गेल्या. काकूंनी काचेवर बोटाने स्वस्तिक काढलं. तेव्हापासून आमच्या घरी येईल त्या टीव्हीला पहिलं कुंकू काकूंचं. बाकी आयुष्यात कुणी त्यांच्या हातात करंडा दिला नाही. तो मान त्यांना एका टीव्हीपुरता मिळाला होता.

तर ओलेड आला. दोन माणसं खोक्यासकट जिन्यातून वर चढवताना चार मजले लोक जमा. सासूबाई नाहीत आता, सासरेही नाहीत. भिंतीवर टांगायला एक माणूस आला, चांगला मिशीवाला, अनुभवी. त्याने टांगला आणि मग नियम सांगायला लागला. एकच चॅनल तासन्‌तास ठेवायचा नाही, नाही तर बातम्यांची पट्टी स्क्रीनवर कायमची उमटेल. पाहून झाल्यावर मेन स्विच बंद करायचा नाही, टीव्ही रात्री आपला आपण स्वतःची काळजी घेतो. हात लावायचा नाही. पुसायचं तर कोरड्या, मऊ फडक्याने, हलक्या हाताने. मी म्हटलं, अहो, हा टीव्ही आहे की बाळंतीण? जन्मभर मी घरातली सगळी बटणं बंद करून झोपत आले. आता ह्या महाराजांसाठी स्विच चालू ठेवायचा, म्हणे त्यांना रात्री एकांत लागतो.

मिशीवाला गेला आणि काकू आल्या. इस्त्रीचं लुगडं नेसून. हातात माझ्याच देवघरातला करंडा, जाता जाता उचललेला, जसा दर वेळी उचलायच्या. मी ओट्याशी साखर काढत होते. ह्यांचं तोंड मोबाइलमध्ये, चौपाटीच्या कंपूला फोटो पाठवणं चाललेलं. काकूंनी वाटीत कुंकू कालवलं, बोट बुडवलं आणि त्या चकचकीत काळ्या पाटीवर, डाव्या अंगाला खाली, हात पोचला तिथे, चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

"काकू! अगं काय केलंस हे!"

हे असे ओरडले की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. काकूंचं बोट तसंच हवेत. "अरे, कुंकू लावलं," त्या म्हणाल्या.

"कुंकू लावलं! स्क्रीनला हात लावायचा नाही म्हणून आत्ता सांगून गेला ना तो माणूस! वाट लावलीस तू त्याची!"

काकूंना त्या माणसाने काही सांगितलं नव्हतं. त्या तेव्हा आलेल्याच नव्हत्या. पण हे सांगायचं कुणी? मी साखरेची वाटी हातात धरून उभी होते. तोंड माझं चांगलं धारदार आहे, सगळ्या वाडीला माहीत आहे, आणि नेमकं तेव्हा ते बंद पडलं. काकूंनी पदराने बोट पुसलं, करंडा देवघरात नेऊन ठेवला आणि "चहा नको गं, पोट जड आहे" म्हणून गेल्या. पाट त्या दिवशी दाराआडून निघालाच नाही.

त्यानंतर ह्यांनी केलेला पराक्रम ऐका. कोरडं मऊ फडकं म्हणून सांगितलेलं, ह्यांनी घेतला अंघोळीचा पंचा. वरून काच पुसायचा तो निळा फवारा मारला, खसाखसा. आणि घासलं. पितळी पातेलं घासावं तसं घासलं. कुंकू गेलं. आणि कुंकवाच्या जागी पंजाएवढा पांढुरका डाग राहिला. कुंकवाने काही झालं नव्हतं, ते हलक्या हाताने निघालंही असतं. वाट लावली ती पंच्याने. मी शेजारी उभी राहून बघितलंय. पण वाडीत ह्यांनी काय सांगितलं? "काकूने हात लावला ना, तो डाग." चौपाटीवर तेच, जावयाला फोनवर तेच, खालच्या डॉक्टरांना तेच. आणि मी? मी दर वेळी तिथे होते आणि दर वेळी चहा गाळत होते.

गंमत म्हणजे त्या डागाला फक्त काळा रंग सहन व्हायचा नाही. चित्र उजेडाचं असलं तर तो दिसायचाही नाही. अंधाराचा प्रसंग आला की लगेच हजर. म्हणजे ज्या काळ्यासाठी एवढं सगळं केलं, त्या काळ्यातच तो बसला होता.

आता दुसरी तऱ्हा. आमचा टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर. दुसरी भिंतच नाही, एकीकडे कपाट, एकीकडे मोरी. तो चालू केला की त्यात काय दिसावं? गॅलरीचा कठडा. कठड्यावरची चादर. समोरच्या बिल्डिंगमधली कुंड्या घातलेली खिडकी. आणि मधोमध आम्ही दोघं सोफ्यावर, पोटापर्यंत. आरसाच टांगला होता भिंतीवर! नटीच्या तोंडावर शेजाऱ्यांची अंडरपँट वाळत घातलेली दिसायची. हे कासावीस झाले. आधी पडदा ओढला, पुरलं नाही. जाड पडदा आणला, कडेने उजेड यायचा. शेवटी एका दुपारी उठले, दार लावलं आणि कडी घातली. "आता बघ," म्हणाले. "आता बघ काळा."

आणि संध्याकाळी? संध्याकाळी गॅलरीतली ट्यूब. ती वाडीची, विझवता येत नाही. म्हणून संध्याकाळीही दार बंद.

काकूंच्या मालिकांमध्ये काळं असं काही नसतंच. त्यातल्या बायका झोपतात तेव्हाही दागिने घालून, लख्ख उजेडात. तसलं काही बघून ओलेडचे पैसे वसूल कसे होणार? म्हणून हे शोधून शोधून अंधारातले कार्यक्रम लावायला लागले. सगळे इंग्रजी, सगळे खुनाचे. कुठलातरी थंड देश, एक पोलीस, एक बॅटरी, बाकी काळोख. कोण मेलं, कुणी मारलं, काही कळत नसे. मी विचारलं, हा आत्ता गेला तो कोण? हे म्हणाले, ते सोड, शॅडोज बघ. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडात शॅडोज!

काकू दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चारला त्यांच्या सपातांचा आवाज ऐकला मी. आमच्या दारापर्यंत आला. थांबला. परत गेला. दार बंद होतं ना. मला कळलं होतं. मी उठणारही होते. पण आत गार होतं, पंखा फुल होता, आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी कुणी "काय करतेस गं" म्हणत डोकावत नव्हतं. कुणाला भाजी काय केली ते सांगायचं नाही, कुणाचा निरोप कुणाला द्यायचा नाही. लोळता येत होतं. मी ह्यांना शिव्या घालते ते ठीक आहे, पण ती कडी रोज घालायला मीच जायला लागले होते. काकूंचं काय, असं मनात आलं की म्हणायची, येतील त्या, त्यांना कुठं काय वाटतंय. स्वतःला फसवायला मला टायवाल्याची गरज पडली नाही.

दार बंद राहू लागल्यावर एक गोष्ट झाली. तो पाट उघडा पडला. दार उघडं असलं की फळीमागे लपायचा, आता दार लागलं की भिंतीशी टेकून समोर उभा. येता-जाता दिसायचा. झाडताना हलवायची आणि परत तिथेच ठेवायची. त्यावर एकदा ह्यांनी टीव्हीचं रिकामं खोकं ठेवलं. मी ते खोकं उचलून माळ्यावर फेकलं आणि म्हटलं, खबरदार. ह्यांना कळलं नाही मी एवढी का चिडले.

असे पाच महिने गेले. काकू नळावर भेटायच्या, देवळात भेटायच्या, बोलायच्या. पण उभ्या-उभ्या. एकदा मी म्हटलं, "काकू, येत नाही हल्ली." त्या म्हणाल्या, "डोळ्यांना त्रास होतो गं टीव्हीचा." मी म्हटलं, "हो ना, आमच्याही." आणि दोघी आपापल्या वाटेने गेलो. शेजारच्या भिंतीतून संध्याकाळी काही आवाज यायचा नाही. कधीतरी भांडं वाजलं तर तेवढंच.

मग तो रविवार. दुपारी चारचा सुमार. आत अंधार केलेला, टीव्हीत कुणाचा तरी खून चाललेला. आणि कडी वाजली.

"कोण आहे?" हे सोफ्यावरून ओरडले. बटण दाबून खून थांबवला, तोही कुरकुरत. "कोण?"

बाहेरून आवाज आला, "मी. शेजारची."

मी धावत जाऊन दार उघडलं. काकू उंबऱ्याच्या बाहेर उभ्या. चाळीस वर्षांत त्यांनी आमची कडी वाजवलेली मला आठवत नाही. गॅलरीतल्या उन्हाने माझेच डोळे दिपले. मी म्हटलं, "अहो काकू, कडी काय वाजवता? या ना आत."

"नको गं. माझा पाट तेवढा दे."

मला वाटलं कुणी पाहुणे आलेत. म्हटलं, "कुणी जेवायला आहे का?"

"नाही गं. माझी वस्तू माझ्याकडे असलेली बरी. तुम्हाला आता दार लावायला लागतं, मध्ये येत असेल." आणि मग आवाज खाली करून, ह्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "माझंच चुकलं बाई. तुझी सासू होती तोवर ठीक होतं. मी आपली सवयीने हात लावायला गेले. नको होता लावायला. एवढी महागाची वस्तू, आणि पहिल्याच दिवशी माझ्या हाताने डाग. अशा हाताने लावूच नये, म्हणतात ते काही खोटं नाही."

पाच महिने ही बाई भिंतीपलीकडे हे घेऊन बसली होती! बंद दार तिला कळलं ते चाळीत कळतं तसंच. उन्हाची तिरीप पडते म्हणून आम्ही दार लावतो, हे तिला सुचणारच कसं? सुचायला तसं काही कुणी कधी केलंय का आमच्या मजल्यावर? त्यात ह्यांनी सगळ्या वाडीला डाग दाखवून ठेवलेला. तिने दोन आणि दोन मांडले आणि उत्तर आलं, विधवेचा हात.

मी सांगायला हवं होतं. तिथेच, गॅलरीत, मोठ्याने. काकू, डाग पंच्याचा आहे. तीन शब्द. पण मी वळले, पाट उचलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पोटाशी धरला आणि गेल्या. त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. पूर्ण दार.

मी आत आले. ह्यांनी खून पुन्हा चालू केला होता. "दार लाव गं, काही दिसत नाही."

मग मी सुटले. त्या दिवशी वाडीने जे ऐकलं ते वाडी विसरायची नाही. म्हटलं, काय दिसत नाही? काय बघायचंय तुम्हाला? तो मेलेला गोरा? बसा, काळा बघत बसा. ज्या बाईने तुमचा शेंबूड पुसला, तिच्यावर पंच्याचा डाग ढकललात तुम्ही. कुंकवाला हात लावू देणारी एक जागा होती तिची सगळ्या जगात. एक भिंत. तीही घासून टाकलीत. लाज नाही वाटत? आणि मलाही नाही वाटली, माझ्याही थोबाडीत मारा एक, मी उभी होते तिथे साखरेची वाटी घेऊन!

दार सताड उघडं होतं आणि टीव्हीत खुनाच्या जागी आमची गॅलरी दिसत होती, कठडा, चादर, आणि ह्यांचं स्वतःचं तोंड. हे त्याच्याकडे बघत म्हणाले, "फवारा जास्त झाला माझा."

फवारा जास्त झाला! पाच महिन्यांनी एवढं बाहेर पडलं, आणि तेही टीव्हीला सांगितलं. म्हटलं, हे तिला जाऊन सांगा. तर म्हणे, "तूच जा आधी. मला तोंड नाही." तोंड नाही! वाडीभर डाग दाखवत फिरताना होतं ते. पण ह्यांचे डोळे भरलेले होते, म्हणून मी पुढचं गिळलं.

मी देवघरातला करंडा घेतला. वाटीत कुंकू कालवलं, जरा जास्तच. ठरवलं होतं काय म्हणायचं ते. काकू, चला. आणा तो पाट. ह्या गाढवाने घासून ठेवलंय, तुम्ही लावा परत, बोटभर नाही, हातभर लावा, सगळ्या पाटीला लावा. दिसलं नाही काही तर न दिसू दे.

आमच्या उंबऱ्यापासून काकूंच्या उंबऱ्यापर्यंत सहा पावलं. ती पावलं मी डोळे मिटून चालू शकते. नवी नवरी असताना पोळ्या करपल्या म्हणून रडत गेले होते, पहिल्या बाळंतपणाच्या कळा आल्या तेव्हा गेले होते, सासूबाई गेल्या त्या पहाटे गेले होते. कधी हाक मारायलाही लागली नाही. माझ्या बांगड्या वाजल्या की आतून काकू म्हणायच्या, "ये गं."

दार बंद होतं. बांगड्या वाजल्या, मी मुद्दाम वाजवल्या. आतून काही नाही. ढकलून बघितलं, कडी होती. मग मी ती वाटी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने त्यांची कडी वाजवली.

आत पाट सरकल्याचा आवाज आला.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

त्यांनी आवाज ओळखला नाही, की ओळखून विचारलं, ते मला अजून माहीत नाही. विचारायची हिंमत नाही झाली. गॅलरीत तीन घरची माणसं बाहेर येऊन उभी होती, आमचे हे दारात उभे होते, आणि मी त्या बंद दाराला माझं नाव सांगितलं. आडनावासकट.